पाचव्याचे वकील

सुकेळीचा वास धावून येत नाही, चोरपावलांनी येतो. राजेळी केळी सोलून आमच्याकडच्या कोरड्या उन्हात मांडतात. ती दिवसेंदिवस आकसत जातात, कडेने काळसर आणि पोटात मधासारखी सोनेरी होतात, आणि मग त्यांना केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून वर दोर आवळतात. त्या पुडीपाशी नाक नेले की ऊन, गूळ आणि बंद पेटीतले लुगडे यांचा मिळून एक वास येतो. आगाशीच्या बाजारात तो मला लहानपणापासून ओळखीचा होता. परंतु फौजदारी कायद्याच्या जाडजूड पुस्तकांमधून तो यावा, याचे नवल वाटले ते वसई कोर्टाजवळच्या एका कचेरीत, वकिलीच्या पहिल्या आठवड्यात.

कचेरी सरांची. अवघे कोर्ट त्यांना सर म्हणे. त्यांच्याविरुद्ध उभे राहणारे सरकारी वकीलही. उंच, मानेपाशी जरा वाकलेले, खांद्यावर हिरवट पडलेला काळा कोट, आणि समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या आजूबाजूला कोण उभे आहे ते पाहणारे डोळे. वसईतल्या जुन्या ख्रिस्ती बागायतदार घराण्यातले. घराची पुढची खोली म्हणजे कचेरी. मागे स्वयंपाकघर, आणि तिथे त्यांची पत्नी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्यांच्या बाई.

सरांना साखरेचा आजार होता. गोड खाण्यास बाईंची सक्त मनाई होती. म्हणून सुकेळीची पुडी खालच्या खणात, 'प्रलंबित' असे लाल शाईने लिहिलेल्या पाकिटात, कुलपाआड राहत असे.

"ती प्रलंबित प्रकरणाची फाईल काढ बरं," सर मला म्हणाले. कारकून दारात उभा राहून उगाच बाहेर पाहू लागला. मी कुलूप उघडले, पाकीट दिले. सरांनी दोन केळी तोंडात टाकली, तोच बाई चहा घेऊन आल्या. पुढे काय होणार या भीतीने मी गारठले. सर मात्र प्रफुल्लित झाले. फळ्याजवळ जावे तसे उठून उभे राहिले.

"खाल्लं मी. कुलूप उघडलं हिनं. दारात राखण केली यानं. सांग, गुन्हेगार किती?"

"सर, मला खरंच फाईल वाटली."

"शाबास! पहिल्याच आठवड्यात बचावाचा मुद्दा. तुला ठाऊक नव्हतं, म्हणजे तू नुसता हात झालीस. साथीदार व्हायला हात पुरत नाही, डोकंही त्याच कामात असावं लागतं. कायदा डोकी मोजतो."

"या खोलीत मोजायला बसला तर शून्य भरतील," बाई म्हणाल्या, आणि पुढचा आठवडाभर तिघांनाही बिनसाखरेचा चहा मिळाला. समान उद्देश सिद्ध झाला नाही; शिक्षा मात्र समान झाली.

मी आधी कवितेत एम.ए. केलेले, मग कायद्याकडे वळलेली. माझा पहिला जामीन अर्ज सरांनी हातात धरून, चष्मा कपाळावर चढवून, मोठ्याने वाचला. "'कोठडीच्या काळोखात तिष्ठणारा हा जीव.' हे वाचून न्यायाधीश कोठडीत दिवा लावायचा हुकूम देतील हो. सुटका नाही देणार." मग पेन्सिलीने ती ओळ खोडली, आणि जरा थांबून म्हणाले, "घरी नेऊन वहीत ठेव. वाईट नाही."

सरांचे सारे विक्षिप्तपण एका आकड्याभोवती फिरत असे, आणि तो आकडा त्यांना कायद्याने दिला होता. चार जणांनी मिळून एखाद्याला लुटले तर ती जबरी चोरी. पाच जणांनी लुटले तर तो दरोडा. आणि दरोडा घालताना त्या पाचांतल्या एकाने जरी कुणाचा खून केला, तरी पाचही जण त्या खुनाचे धनी. फाशीपर्यंतची शिक्षा प्रत्येकाला. हात कुणाचा उठला, कोण फाटकाबाहेर उभा होता, कोण नुसता गाडीत बसला होता, हे मग फारसे विचारीत नाहीत. नवी संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. सरांनी ते पाठ करण्यास नकार दिला. "नंबर बदलले, माणसं तीच पाच," असे म्हणून ते अखेरपर्यंत जुन्या तीनशे शहाण्णवशी म्हणजे दरोड्यातल्या खुनाच्या कलमाशी एकनिष्ठ राहिले.

या आकड्याने त्यांना रस्त्यावरही सोडले नाही. एकदा आम्ही स्टेशनवरून शेअर रिक्षात बसलो. मागे सर, मी आणि भाजीच्या पिशव्या घेतलेले एक गृहस्थ, पुढे रिक्षावाला. चौथी सवारी रिक्षावाल्याच्या शेजारी टेकली, तसे सर उतरलेच.

"काय झालं, बाबा? सीट टोचली काय?" रिक्षावाल्याने विचारले.

"आता आपण पाच झालो."

"मग? रोज बसतात."

"यांच्यातल्या कुणी वाटेत पेढी लुटली तर?"

पिशवीवाले गृहस्थ दुखावले. "अहो, मी मेथी घेऊन घरी चाललोय!"

"तसं सगळेच सांगतात," सर शांतपणे म्हणाले, आणि कोट हातावर टाकून उन्हातून चालू लागले. त्यांच्यामागे मलाही चालावे लागले. मेथीचा वास बराच वेळ आमच्याबरोबर होता.

वकील संघाचे जे जे सामूहिक छायाचित्र निघाले, त्यात सर एका टोकाला, शेजाऱ्यापासून वीतभर अंतर ठेवून उभे दिसतात. छायाचित्रकार म्हणे, जरा जवळ या. सर म्हणत, इथूनच दिसतो मी. चर्चमध्ये सगळी मंडळी 'आमच्या' अपराधांची क्षमा मागत. सर घोगऱ्या पण स्पष्ट आवाजात 'माझ्या' अपराधांची मागत. "आमच्या म्हटलं की समान उद्देश कबूल केल्यासारखं होतं," असे त्यांनी फादरांना समजावले होते. फादरांनी हात जोडले. बाई म्हणाल्या, "देवालाही प्रश्न पडत असेल, हा एकटाच कोण अशील स्वतंत्र वकील लावून आलाय."

हे सगळे सांगून आम्ही ज्युनिअर हसत असू. परंतु खुनाची फाईल उघडताना सर पहिला प्रश्न विचारीत तो हसण्याचा नसे. "मयताला काय आवडायचं?" आरोपपत्र, पंचनामा, शवविच्छेदन, सगळे नंतर. मेलेल्या माणसाची एक आवड कळल्याशिवाय ते आरोपीची बाजू ऐकून घेत नसत.

एका दरोड्याच्या प्रकरणात उत्तर मिळाले : रेडिओ. मयत म्हणजे आगाशीच्या पुढे एका वाडीतल्या बंगल्यात राहणारे एक निवृत्त गृहस्थ. बिघडलेले रेडिओ दुरुस्त करणे हा त्यांचा छंद. बिघडलेले मिळाले नाहीत की चांगले असलेलेही उघडून दुरुस्त करीत, आणि मग ते खरोखर बिघडत. हे त्यांच्या मुलीने सांगितले. ती ठाण्याच्या शाळेत शिकवीत असे; चाळिशीतली, फिक्या सुती साड्यांतली. प्रत्येक तारखेला यायची आणि कोर्टाच्या ओवरीतल्या लाकडी बाकाच्या टोकाला एकटी बसायची. आरोपीच्या वकिलाने आपल्या वडिलांची आवड विचारावी याचे तिला आश्चर्य वाटले असावे. तिने उत्तर दिले, आणि मग पुन्हा आमच्याशी बोलली नाही.

होळीच्या आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, चौघे त्या बंगल्यात शिरले. गृहस्थ विरोध करू लागले. तिघांनी त्यांचे हातपाय धरले आणि चौथ्याने पहार उगारली. पैसा-दागिना घेऊन ते एका टेम्पोतून पळाले. टेम्पो पहाटे मिठागराच्या बांधावर सोडलेला सापडला. त्यात रक्ताळलेली पहार आणि भरपूर लाकूडफाटा होता. टेम्पो आणि पहार दोन्ही काशिनाथ नावाच्या माणसाची; मिठागराकडच्या गावातला, पन्नाशीचा, भाजी-फुले बाजारात पोचवणारा. चार अधिक एक, पाच. दरोड्यात खून. काशिनाथ पाचवा आरोपी, आणि आम्ही त्याचे वकील.

बाकीच्या चौघांना चार वेगवेगळे वकील होते. पाचवा गळाला तर दरोडाच उरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले तसे ते एकाएकी सरांच्या प्रेमात पडले. कुणी खाजा आणला, कुणी पेढे. सरांनी पुडे डोळे भरून पाहिले आणि बाईंच्या भीतीने परत केले. "तुमच्या माणसांनी म्हाताऱ्याला धरलं होतं. दरोडा गेला तरी ते धरणं जात नाही," ते त्यांना म्हणाले. "आणि असे चौघे एकदम येत जाऊ नका. मी धरून पाच होतात."

कठीण होता तो आमचा अशील. जो भेटेल त्याला तो आपणहून गुन्हा सांगे. पोलिसांना सांगून झाले होते; कोर्टाच्या शिपायालाही सांगितले होते; तुरुंगात आम्ही समोर बसलो, तेव्हा सरांनी तोंड उघडण्याआधी सांगितले.

"चोरी कराया गेलो होतो, सायेब. खरं हाय ते. खोटं कशाला बोलू?"

"कसली चोरी?"

"होलीची. लाकडाची. हे चौघं बोलले, टेम्पो काढ, होलीला लाकडं आनू. मी लहानपनापासून आनतो."

ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याला सांगायला हवे. होळीसाठी लाकूड विकत आणण्यात मौज नाही. ते दुसऱ्याच्या अंगणातून पळवायचे असते. मोडकी खाट, कुंपणाचा खांब, बैलगाडीचा दांडा, जे लांबवता येईल ते. धनी जागा झाला तर मनसोक्त शिव्या देतो. पळवणारा त्या आशीर्वादासारख्या ऐकतो. त्यापलीकडे तक्रार नाही, भरपाई नाही. खुद्द सरांच्या वडिलांचे अंगणातले बाकडे शेजारच्या हिंदू पोरांनी असेच एका वर्षी होळीत घातले होते. दुसऱ्या दिवशी त्याच घरांतून पुरणपोळ्या आल्या. पोरांना बाकडे दाखवणारा भेदी घरातलाच होता, हे सरांनी वडिलांना कधीच कळू दिले नाही.

"बरं. ते चौघे बंगल्यात असताना तू कुठे होतास?"

"लाकूड काढत होतो."

"कुणाच्या घरचं?"

काशिनाथ टेबलावरची रेघ बोटाने गिरवू लागला.

"अरे, कुणाच्या घरचं? तो माणूस साक्ष देईल, तू सुटशील!"

"होलीच्या लाकडाच्या धन्याचं नाव घेत नाय, सायेब. रीत नाय ती."

"ते लाकूड होळीत गेलंच नाही! पोलिसांच्या खोलीत धूळ खात पडलंय!"

"पन होलीच्या नावानं काढलं ना?"

सरांनी कपाळाला हात लावला. मला वाटले, ते रागावले. पण त्यांच्या बोटांआडून हसू फुटत होते. मग काशिनाथने खालच्या आवाजात विचारले, "सायेब, पहार माझी होती. मी दिली त्यांना. बोलले, तुळई उचकटायला पायजे. आता त्या बाबांचं रक्त कोनाच्या नावावर?"

"पहार तुझी. हात त्याचा," सर म्हणाले. काशिनाथने मान हलवली, पण त्या हलण्यात होकार नव्हता.

मुद्देमालाच्या खोलीत आम्हांला त्या लाकडांत एक वस्तू सापडली : सागवानी दाराचे एक कवाड. दुसरे नाही. बिजागऱ्यांच्या जागी ताजे घाव. "अर्धं दार इथे आहे," सर म्हणाले, "म्हणजे कुणाच्या तरी घरी उरलेलं अर्धं असेल." आणि दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात, सरांच्या जुन्या स्कूटरवरून, आम्ही त्या बंगल्यामागच्या गल्ल्यांतून अर्धे दार शोधत हिंडू लागलो. दोघेच असल्यामुळे सर निर्धास्त होते. पानवेलींच्या वाड्यांतून ओलसर, तिखट वास येत होता. कुठे शेणाचा, कुठे निशिगंधाचा. सर प्रत्येक गोठ्यापाशी वेग कमी करीत आणि लोक आम्हांला दलाल समजून जागा विकायची नाही असे ओरडून सांगत.

तो गोठा दिसला तेव्हा सरांनी ब्रेक दाबला आणि मी त्यांच्या पाठीवर आदळले. एका बाजूला सागवानी कवाड, पिकून काळेभोर झालेले. दुसऱ्या बाजूला निळ्या रंगाचा कोरा पत्रा. आत एक म्हैस, आणि म्हशीपाशी एक ठेंगण्या, सत्तरीच्या काकी.

"काकी, दार फार सुंदर आहे हो तुमचं," सर म्हणाले.

"अर्धंच आहे."

"उरलेलं कुठे गेलं?"

"वाऱ्यानं."

"वाऱ्यानं? आणि बिजागरीवर दगडाचे घाव?"

"दगडी वारा होता," काकी म्हणाल्या, आणि म्हशीकडे वळल्या.

रीत त्याही मोडणार नव्हत्या. सरांनी पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर, तांब्या परत देता देता, अगदी सहज म्हणाले, "कुणी असं म्हणालं की ते लाकूड वाळवीनं पोखरलेलं होतं, होळीत घातलं असतं तरी नुसता धूरच झाला असता, तर तुम्ही काय उत्तर द्याल?"

तांब्या ओट्यावर आदळला. "कोण म्हणतो? कोण मेला म्हणतो? माझ्या सासऱ्यांनी उभं राहून करून घेतलेलं सागवान ते! वाळवी त्याच्या टाळक्यात! दगडानं ठोकत होता, ठाक ठाक ठाक, पहार आणायची अक्कल नाही! आणि मी बाहेर आले तर मलाच विचारतो, 'काकी, तुमच्याकडं पहार हाय का?' माझंच दार काढायला माझीच पहार!"

सरांनी माझ्याकडे पाहिले. बंगल्यात पहार उगारली गेली तेव्हा पहारीचा मालक इथे दगडाने बिजागरी ठोकत होता, आणि शेजारणीकडे दुसरी पहार उसनी मागत होता.

"काकी, कोर्टात येऊन हेच सांगाल?"

"होळीच्या लाकडासाठी कोर्टात? गाव तोंडात शेण घालील माझ्या."

"तुमचं कवाड जळलेलं नाही."

काकी थबकल्या. "जळलं नाही?"

"पोलिसांकडे आहे. धड आहे."

"म्हणजे होळीत गेलंच नाही."

"नाही."

"मग ते माझं," काकींनी निकाल दिला. एकाच रिवाजातून काशिनाथने गप्प राहण्याचा अर्थ काढला होता आणि काकींनी बोलण्याचा. सरांना दोघांचेही म्हणणे कायद्याला धरून वाटले.

साक्षीच्या दिवशी काकी उरलेले कवाड घेऊनच आल्या. ते कोर्टाच्या दारातून आत येईना. शिपाई म्हणे आडवे करा, काकी म्हणत उभे करा, ओवरीत गर्दी जमली, आणि न्यायाधीशांनी काय चालले आहे असे विचारल्यावर सर अदबीने म्हणाले, "साक्षीदार येत आहे, साहेब. थोडा तिरका येत आहे." अखेर दोन्ही कवाडे कोर्टापुढे शेजारी शेजारी उभी राहिली. शिरा शिरांना मिळाल्या, घाव घावांना. जुन्या सागाचा तो कडवट, तेलकट वास साऱ्या कोर्टभर पसरला.

आरोपीच्या पिंजऱ्यात काशिनाथ दिसताच काकींचा तोल गेला. "हाच! हाच तो दारचोर!"

सरकारी वकिलांचा चेहरा उजळला. बचावाचा साक्षीदार आरोपीला चोर म्हणतो, याहून सुख कोणते? उलटतपासणीला ते उत्साहाने उठले.

"म्हणजे हा चोरी करायलाच आला होता?"

"मग काय आरती करायला?"

"पोलिस तुमच्याकडे चौकशीला आले होते ना? त्यांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, काही चोरीला गेलं का. मी म्हटलं, नाही. होळीला गेलेलं चोरीला गेलं असं कुणी म्हणतं का?"

"आणि चोर पाहिला का असं विचारलं तेव्हा?"

"नाही म्हटलं. चोर कुठे पाहिला मी? हा तर होळीवाला."

"आत्ताच तर दारचोर म्हणालात!"

"अहो, ती शिवी झाली! तुम्ही शिवीला कलम लावता काय?"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. "आजी, विचारलं तेवढंच सांगा."

"विचारलं तेवढंच सांगितलं तर माझ्या दाराचं कोण सांगेल, साहेब?"

सरकारी वकील चिडले. "खरं म्हणजे तुम्ही या माणसाला वाचवायला आला आहात."

"मी? याला? दोन वर्षं जास्तच द्या मेल्याला!" काकी कडाडल्या. कोर्ट हसले. मग त्यांनी कठड्यावर हात ठेवला, आणि आवाज एकदम खाली आला. "आम्ही भांडतच होतो. तो एक कवाड टेम्पोत टाकून आला होता, दुसऱ्याला हात घालत होता. तेवढ्यात बंगल्यातून ओरडणं आलं. असलं ओरडणं मी ऐकलं नाही कधी. याच्या हातातला दगड पडला. म्हणाला, 'काकी, बाबांना काय झालं?' आणि धावला. फाटकापर्यंतच गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, गेलाही, आणि हा तिथेच उभा. स्वतःचा टेम्पो जाताना बघत. मग हाही पळाला, पायी, घराकडे. भित्रा मेला."

हसू कुठल्या कुठे विरले. मी ओवरीकडे पाहिले. दार उघडे होते, आणि बाकाच्या टोकावरची ती स्त्री मान खाली घालून हे ऐकत होती.

सरांचा युक्तिवाद त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लहान होता. "राखणीला उभा असलेला माणूस शेजारणीशी भांडण काढत नाही, साहेब. पळून जायला गाडी तयार ठेवणारा, गाडी निघाली तेव्हा गाडीत असतो. हा चोरी करायला गेला होता, हे मी नाकारत नाही. पण हा ज्या चोरीला गेला होता ती या दोन कवाडांची. आत जे चाललं होतं त्यात याचं डोकं नव्हतं. मोजायचीच तर डोकी मोजा, चार भरतील." ते खाली बसणार, तोच पुन्हा उठले. "पहार याची होती. ते मी विसरलेलो नाही. हाही विसरणार नाही. पण त्याला कलम नाही."

निकालाच्या दिवशी काशिनाथ निर्दोष सुटला. बाकीच्या चौघांना खुनासाठी जन्मठेप झाली. ज्यांनी धरले होते त्यांना आणि ज्याने मारले त्याला, सारखीच. न्यायाधीशांनी काकींना विचारले, कवाडाबद्दल तक्रार द्यायची आहे का? "तक्रार कशाला? दार द्या," काकी म्हणाल्या.

मग ओवरीत जत्रा उसळली. काशिनाथची बायको सरांच्या पायांशी वाकली होती. काकी शिपायाला कवाड नीट धर म्हणून ओरडत होत्या, आणि मधूनच काशिनाथला, "आता उचल की! उचलायची सवय आहे ना तुला?" असे म्हणत होत्या. काशिनाथ मात्र हलला नाही. तो बाकाकडे पाहत होता.

"सायेब, मी जाऊ काय तिच्याकडं?"

"आज नको," सर म्हणाले. "आज तुझं तोंड तिला सोसायचं नाही. एखाद दिवशी जा. बोलावलं नाही तरी जा."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांनी माझ्या आजूबाजूला कोण आहे तेच पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी मला पाहिले. "तू जा," म्हणाले. "आणि काही बोलू नकोस. तुला शब्द चांगले सुचतात, म्हणून सांगतो."

गर्दीतून वाट काढत मी गेले. तरीही वाटेत शब्द जुळत होतेच : कायद्याने, दुर्दैवाने, तुमच्या दुःखात. बाकापाशी पोचेपर्यंत एकेक गळून गेला. मी काळ्या कोटात, रिकाम्या हातांनी, तिच्यापुढे उभी राहिले. तिच्या वडिलांचे रक्त ज्या पहारीला लागले होते, त्या पहारीच्या मालकाला आम्ही नुकतेच मोकळे केले होते. आणि मागे अजून काकींचा आवाज, लोकांचे हसणे चालूच होते. तिने ते ऐकले. माझ्याकडे पाहिले. मग बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि म्हणाली,

"बसा."